मोडलेलं मनगट पुन्हा कामाला कसं लावावं: ब्लाउज शिवणारीच्या वहीतून

मनगट मोडलं त्या दिवशी माझ्याकडे अकरा ब्लाउज कापून ठेवलेले होते. श्रावण चालू, पुढं गौरी-गणपती, म्हणजे आमच्या धंद्याचे दिवस. आमच्या बार्शीत नळाला पाणी आलं की हातातलं टाकून पळावं लागतं. तशी पळाले, हौदाजवळच्या शेवाळावरनं पाय सरकला आणि पडता पडता उजवा हात खाली टेकला. उठून बघते तर मनगट पळीच्या दांडीसारखं वाकलेलं.

शेजारणीनं लगेच बांगड्या उतरवल्या म्हणून बरं. हे पहिलं लक्षात ठेवा: हाताला मार लागला की सूज यायच्या आत बांगड्या, अंगठी, घड्याळ काढायचं. माझी अंगठी राहिली ती दवाखान्यात कापावी लागली.

पडताना हात टेकून मनगटाजवळचं हाड मोडणं इतकं नेहमीचं आहे की त्याला वेगळं नावच आहे, कोलीज फ्रॅक्चर. डब्लिनच्या अब्राहम कोलीज या सर्जननं १८१४ मध्ये, म्हणजे एक्स-रे निघायच्या ऐंशी वर्षं आधी, त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. पाळी गेलेल्या बायकांत हे फार. मी चोपन्न वर्षांची, अगदी मापात बसले.

हाड ओढून बसवलं, प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी या म्हणाले. गर्दी मरणाची. हातात एक कागद दिला, त्यावर इंग्रजीत एक ओळ खरडलेली. ती ओळ मला कुणी वाचून दाखवली नाही, आणि मीही विचारलं नाही. घरी आल्यावर आळीतल्या सगळ्यांनी एकच सांगितलं, "हात अजिबात हलवू नकोस, हाड सरकंल." मी इमानेइतबारे हात झोळीत घालून बसले. गौरी जेवल्या त्या दिवशी भाचा आला, त्यानं सहज तो कागद उचलला आणि म्हणाला, "मावशी, यात लिहिलंय बोटं सारखी हलवत राहा." तोवर चौथा आठवडा लागला होता आणि माझी बोटं वांग्यासारखी सुजून ताठ झाली होती. खांदासुद्धा आखडला होता, आणि खांद्याला तर काही लागलंच नव्हतं!

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. तुमचं हाड कसं मोडलंय, जुळलंय का, भार कधी द्यायचा हे तुमचे डॉक्टरच सांगणार. ऑपरेशन करून प्लेट बसवली असेल तर मनगट हलवायला बऱ्याचदा लवकर सांगतात, तिथं माझं वेळापत्रक चालणार नाही. पण प्लास्टर घालून घरी पाठवलेल्या बाईनं रोज काय करायचं, ते मला आता माहीत आहे.

हाड बांधायचं, बाकीचा हात नाही

मला फिजिओथेरपीच्या मॅडमनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. परकराच्या नेफ्यात नाडी असते ना, तशा बोटं ओढणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, आपापल्या नळीतून सरकत असतात. परकर महिनाभर ओला दाबून ठेवला तर नाडी नेफ्याला चिकटते आणि ओढली की कापडच गोळा होतं. सुजलेल्या, न हलणाऱ्या हातात तसंच होतं. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. सांधा हलला की आतलं वंगण फिरतं आणि त्यावर ती जगते. आणि सूज? ती स्नायूंनी दाबून वर ढकलावी लागते. बोटं हलली नाहीत तर पाणी हातातच साचतं.

म्हणजे हाड जुळेपर्यंत जे हलवायचं नाही ते प्लास्टरच्या आत आहे. प्लास्टरच्या बाहेर जे जे आहे ते सगळं हलवायचं.

पहिले काही दिवस हात छातीच्या वर. बसताना उशीवर, झोपताना लोडावर. झोळी बांधलीत तर पंजा कोपराच्या खाली लोंबता नको. आणि जागं असताना दर तासाला बोटांचे हे पाच प्रकार, प्रत्येकी दहा वेळा, सावकाश. नावं माझीच आहेत, लक्षात राहावीत म्हणून:

पट्टी: सगळी बोटं ताठ, सरळ.
हुक: बोटांची वरची दोन पेरं वाकवायची, मूळ सरळ. ब्लाउजच्या हुकासारखं.
छप्पर: बोटं सरळ ठेवून फक्त मुळाशी वाकवायची.
चपटी मूठ: बोटांची टोकं तळहाताच्या खालच्या अंगाला टेकवायची, नखाजवळचं पेर सरळ.
पक्की मूठ: ही तर सगळ्यांना येते, म्हणजे हात धड असताना येते.

त्यानंतर अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावून करंगळीपर्यंत न्यायचा. प्लास्टरची कड तळहातावर इतकी पुढं आली असेल की बोटं मुळाशी वाकतच नाहीत, तर दवाखान्यात जाऊन ती कापून घ्या. माझी तशीच होती. अर्धा सेंटिमीटर कापल्यावर छप्पर जमायला लागलं.

दिवसातून चार-पाच वेळा हात झोळीतून काढून कोपर पूर्ण सरळ-वाकडं करायचं आणि हात डोक्याच्या वर न्यायचा. मी तर वरच्या फळीवरच्या हळदीच्या डब्याला हात लावून यायचे. नुसता लावायचा, डबा काढायचा नाही.

प्लास्टरच्या हातानं कामं करावीत का? हलकी करावीत. लसूण सोलला, मटार सोलले, देवासाठी वाती वळल्या, बटणांचा डबा ओतून रंगवार लावला. चहाच्या कपापेक्षा जड मात्र काही नाही. आणि एक गोष्ट आपल्याकडे फार घडते: जमिनीवरून हात टेकून उठणं. ते नको. मी सहा आठवडे खुर्चीवर जेवले, पंगतीतसुद्धा.

प्लास्टर निघतं तेव्हा

घाबरू नका, हात भयंकर दिसतो. कातडी पापुद्र्यांची, हात काठीसारखा, वरून वासही येतो. मला वाटलं होतं प्लास्टर निघालं की दुपारी मशीनवर बसेन. दुपारी एक बाई फॉल-पिकोचे पैसे द्यायला आली. मी हात पुढं केला, पण तळवा वर होईना. आडव्या हातावरनं सुटे पैसे घरंगळून पायरीवर पडले. ती बिचारी वेचत होती आणि मी उभी.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या त्या मॅडमकडं गेले. पोरगी माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची. तिनं कोनमापक लावून मोजलं: मनगट मागं १५ अंश जात होतं. डाव्याचं ७०. मी रडकुंडीला आले. ती म्हणाली, "मावशी, रोजच्या बहुतेक कामांना चाळीस पुढं, चाळीस मागं इतकं पुरतं. आपण आधी तिथवर जाऊ."

ही तिनं शिकवलेली उजळणी. आधी दहा मिनिटं हात कोमट पाण्यात. पाणी दुसऱ्या हातानं बघा, कारण दुखऱ्या हाताला चटका नीट कळेलच असं नाही. पाण्यातच बोटांचे पाच प्रकार करून घ्यायचे. मग:

हात टेबलावर, पंजा कडेच्या बाहेर लोंबता. मी मशीनच्या फळीवर ठेवायचे. मूठ सैल मिटून मनगट वर उचलायचं, मग खाली सोडायचं. मूठ सैल मिटायची हे विसरू नका. बोटं ताठ ठेवली तर बोटांचे स्नायूच मनगट उचलून देतात आणि ज्यांनी काम करायचं ते झोपून राहतात. मी आठवडाभर तसंच चुकीचं करत होते.

मग पंजा डावीकडं-उजवीकडं, फरशी पुसल्यासारखा, टेबलावरनं न उचलता.

मग तळवा वर, तळवा खाली. हे सगळ्यात चिवट. इथं अंग फसवतं: हात फिरत नाही म्हणून आपण खांदा आणि कंबरच वाकवतो. त्यावर उपाय असा की कोपर काटकोनात वाकवून कमरेला चिकटवायचं आणि मध्ये घडी घातलेला रुमाल धरायचा. रुमाल पडला तर ते फिरवणं मोजायचं नाही. पहिल्या दिवशी माझा रुमाल नऊ वेळा पडला. तीनेक आठवड्यांनी मॅडमनी हातात लाटणं द्यायला सांगितलं. ते मधोमध धरून फिरवायचं. जमायला लागलं की एका टोकाला धरायचं, म्हणजे लाटण्याचंच वजन हाताला आणखी थोडं फिरवतं.

शेवटी नमस्कार. छातीसमोर हात जोडायचे आणि तळवे न सोडता हळूहळू पोटाकडं खाली आणायचे. मनगटाच्या आत ओढ बसली की थांबून वीसपर्यंत मोजायचं. तीन-चारदा. मग उलटा नमस्कार: पंजांच्या पाठी एकमेकींना, बोटं जमिनीकडं. सुरुवातीला माझ्या तळव्यांच्या मुळाशी दोन बोटं जाईल इतकी फट राहायची. देवासमोर असा नमस्कार केला तर देवालाही वाटावं ही मनात काहीतरी धरून आलीय.

हे सगळं दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच-सहा वेळा दहा-दहा मिनिटं करा. मी भाकरीच्या तव्याशी, मालिकेच्या जाहिरातीत, गिऱ्हाईक ट्रायल घालून बघेपर्यंत करायचे.

किती दुखू द्यायचं

न दुखता काही होत नाही आणि फार दुखवलं तर हात रुसतो. ओढ बसली, टोचलं, पण थांबल्यावर तासाभरात शांत झालं तर ठीक. रात्रभर ठणकलं, सकाळी बोटं जाड वाटली, मूठ कालच्यापेक्षा कमी मिटली तर काल जास्त झालं. त्या दिवशी निम्मं करायचं. बंद नाही करायचं, निम्मं.

हे मला माझ्याच शहाणपणानं शिकवलं. घट बसायच्या आधी घरातली झाडून सगळी धुणी काढायची आपली रीत. प्लास्टर निघून दहा दिवस झालेले. सून म्हणत होती राहू द्या, पण मी एक चादर घेतली आणि पिळली. पिळणं म्हणजे काय असतं बघा: मूठ आवळायची, त्याच वेळी मनगट फिरवायचं आणि त्याच वेळी ओढायचं, तिन्ही एकदम. संध्याकाळी हात मनगटापासून बोटांपर्यंत टम्म. नवरात्राचे पहिले चार दिवस पुन्हा लोडावर हात. एक्स-रेत हाड जागेवर होतं हे नशीब. मॅडम ओरडली नाही. तिनं फक्त विचारलं, "चादर महत्त्वाची होती का?"

दुसऱ्या टोकाचा सल्ला म्हणजे चोळणं. तेल लावून जोरात रगडून देणारे गावोगाव आहेत. व्यायामाआधी कातडी मऊ करायला खोबरेल हलक्या हातानं लावा, खुशाल. पण ताज्या जुळलेल्या हाडावर दुसऱ्यानं जोर लावून चोळू नये, बळंच वाकवू नये. तुमचा हात तुम्हीच हलवायचा.

माप घ्या

रोज बघितलं तर फरक दिसत नाही आणि माणूस कंटाळून सोडतो. मी ब्लाउजच्या मापाच्या वहीत शेवटचं पान काढलं. मूठ मिटायची आणि मधल्या बोटाच्या टोकापासून तळहाताच्या आडव्या रेघेपर्यंत टेपनं अंतर मोजायचं. दर रविवारी, सकाळच्याच वेळी. पहिल्या रविवारी साडेचार सेंटिमीटर. मग चार. मग चारच. मग तीन. चादरीच्या आठवड्यात पुन्हा चार, त्यापुढं मी कंसात "अक्कल" असं लिहिलंय. दिवाळीच्या सुमाराला एक. टेप नसेल तर मध्ये किती बोटं मावतात ते बघा.

जोर कसा वाढवायचा

हे डॉक्टरांनी एक्स-रे बघून "आता भार चालेल" म्हटल्यावरच. हाडाला भार मिळाला तर ते त्या भाराप्रमाणं स्वतःला बळकट करतं. ही गोष्ट युलियस वोल्फ नावाच्या जर्मन सर्जननं १८९२ मध्ये मांडली. पण भार पायरीपायरीनं द्यायचा.

माझ्या पायऱ्या अशा होत्या: पाण्यात स्पंज दाबणं. हातरुमाल पिळणं. सैल मळलेली पोळीची कणीक, एका माणसाची, मग दोघांची. धागा तोडायची छोटी कात्री, आणि बऱ्याच दिवसांनी माझी मोठी कापडाची कात्री, तीही आधी एकाच पदरावर, अस्तरासकट नाही. मशीनचं चाक हातानं फिरवणं. कुलपात किल्ली. दिवाळीत सोऱ्या हातात घेतला नाही. चकली सुनेनं पाडली आणि जरा कडक झाली, ते मी कुणाला बोलले नाही. तांब्या भरून उचलणं, मग अर्धी बादली. भिंतीला दोन्ही हात टेकून भिंत ढकलणं, पुढं तसंच ओट्यावर. जमीन सगळ्यात शेवटी.

एक पायरी सलग तीन-चार दिवस बिनतक्रार जमली की पुढची. भाकरी फार वरची पायरी आहे, कारण मागं वळलेल्या मनगटावर थापेचा दणका बसतो. पोळी लाटता आली म्हणून भाकरी थापता येईल असं समजू नका.

मिशरी लावत असाल, तंबाखू खात असाल तर या काळात तरी सोडा. निकोटीननं हाड जुळणं लांबतं. माझ्याच आईनं हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं, तिचा खुबा मोडला तेव्हा.

लगेच दवाखाना गाठायचा तो केव्हा

प्लास्टर असताना बोटं निळी-पांढरी पडली, गार पडली, बधिर झाली, किंवा हात वर ठेवून आणि गोळी घेऊनही ठणका वाढतच चालला तर सकाळची वाट बघू नका, रात्री जा.

नंतरच्या आठवड्यांत हात जळजळतो, नुसता पदर लागला तरी सहन होत नाही, कातडी चकचकीत होते, वेगळाच घाम येतो, असं झालं तर तो साधा आखडलेपणा नाही. त्यावर उपचार लवकर सुरू करावे लागतात. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या राहिल्या तरी दाखवा. आणि एक फसवं: सगळं छान चाललेलं असताना एक दिवस अचानक अंगठ्याचं टोक वर उचलताच येत नाही. फारसं दुखतही नाही, म्हणून बायका दुर्लक्ष करतात. तिथली शीर, म्हणजे टेंडन, हाडावर घासून तुटलेली असू शकते, हाड सरकलेलं नसलं तरी. तळवा टेबलावर पालथा ठेवून फक्त अंगठा वर उचलून बघा, आठवड्यातून एकदा.

पन्नाशीनंतर नुसतं उभ्या उभ्या पडून मनगट मोडलं असेल तर हाडांची घनता मोजायची तपासणी, डेक्सा, करून घेण्याबद्दल विचारा. मी केली. हाडं पातळ निघाली, गोळ्या चालू आहेत. हौदाजवळचं शेवाळ ब्लीचिंगनं घासून काढलंय आणि तिथं नवऱ्यानं लोखंडी दांडी बसवलीय, जी तो पाच वर्षं बसवणार होता.

कार्तिकी एकादशीला भगवंताच्या देवळात गेले होते. पुजाऱ्यांनी पळी पुढं केली, मी हात पुढं केला आणि तळव्याची ओंजळ झाली. पूर्ण नाही, करंगळीकडनं थोडं तीर्थ सांडलं, पण उरलेलं तोंडापर्यंत पोचलं. मागची बाई म्हणाली, पुढं सरका.

भाकरी भोगीच्या दिवशी थापली, पडल्यापासून पाच महिन्यांनी. बाजरीची, तीळ लावून. पहिली कडेला फाटली, दुसरी तव्यावर जाताना दुमडली, तिसरी जमली. तीन झाल्यावर मनगट कुरकुरलं म्हणून परात सुनेकडं सरकवली. जमिनीवरून उठताना अजून डावाच हात टेकते. मॅडम म्हणाली, ताकद भरायला वर्षही लागतं.

वहीच्या शेवटच्या पानावर मधल्या बोटापुढं शून्य लिहिलंय. पान निम्मं रिकामं होतं, कागद वाया कशाला घालवायचा, म्हणून त्याच्या खालीच परवा आलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं: छाती ३६, उंची १४, बाही साडेपाच, मागचा गळा खोल.